सिस्टर, हे काम कुणाचं? वॉर्डातल्या जबाबदाऱ्या स्पष्ट कशा कराव्यात

वॉर्डात सिस्टर दमते ती कामाने. घरी गेल्यावरही डोक्यातून न जाणारा ताण मात्र बरेचदा दुसऱ्याच गोष्टीचा असतो. राहिलेलं काम आपल्या वाट्याचं होतं का, उद्या राऊंडला जाब आपल्यालाच विचारणार का, याचा. हा गोंधळ बऱ्याच अंशी कमी करता येतो आणि त्याला खर्चही फारसा लागत नाही. पुढची पद्धत इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन यांच्यासाठी आहे. नागपुरातलं मेडिकल-मेयोसारखं मोठं सरकारी रुग्णालय असो की धंतोली-रामदासपेठेतलं छोटं खासगी, ती दोन्हीकडे चालते.

आधी दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा. ‘टेन्शन आहे’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या तक्रारी असतात. पहिली म्हणजे माणसं कमी आणि काम जास्त. दुसरी म्हणजे दोन वरिष्ठांचे उलटसुलट हुकूम: रेसिडेंट (निवासी डॉक्टर) म्हणतो आत्ता ड्रेसिंग, मेट्रन ऑफिस म्हणतं आत्ता रजिस्टर. तिसरी म्हणजे काम कुणाचं, कधीपर्यंतचं आणि आपला अधिकार कुठवर, हेच ठाऊक नसणं. पहिलीवर उपाय भरतीचा, दुसरीवर वरिष्ठांनी आपसात ठरवण्याचा. कागदावर आणून सुटते ती मुख्यतः तिसरी. तिन्ही एकत्र कालवल्या की शेवटी योगाचं सत्र ठेवलं जातं आणि वॉर्डात काहीच बदलत नाही.

सुरुवात एका वहीने करा. सलग सात दिवस नर्सिंग स्टेशनवर वही ठेवा, तिन्ही शिफ्टने लिहायचं. प्रत्येक नोंदीत एवढंच: वेळ, काम, कुणाला विचारलं, काय उत्तर मिळालं, किती मिनिटं गेली. नाव लिहायचं नाही. रविवार आणि नाईट यात आल्याच पाहिजेत, कारण स्टोअर बंद, क्लार्क नाही, एकच मावशी दोन वॉर्डांना, अशा वेळीच बेवारशी कामं सिस्टरच्या अंगावर येतात. आठवडा संपला की वहीत तीच दहा-पंधरा कामं फिरून फिरून आलेली दिसतील: रिपोर्ट आणणं, रुग्णाला एक्स-रेला नेणं, ऑक्सिजन सिलिंडर बदलणं, एमएलसीचे (पोलिसांना कळवायच्या केसचे) कागद, औषध बाहेरून आणायला नातेवाइकांना सांगणं, बिलाची चौकशी.

त्याच आठवड्यात मोजणीही करून घ्या. रिझो, हाऊस आणि लिर्टझमन यांनी १९७० साली मांडलेली प्रश्नावली यासाठी आजही वापरली जाते. तिच्यात भूमिकेच्या अस्पष्टतेवर (वरची तिसरी तक्रार) ६ आणि भूमिकेच्या संघर्षावर (दुसरी तक्रार) ८ विधानं आहेत, आणि उत्तर ७ पायऱ्यांवर द्यायचं असतं. अस्पष्टतेची सहाही विधानं सकारात्मक आहेत (अधिकार किती ते माहीत आहे, जबाबदाऱ्या माहीत आहेत, अपेक्षा माहीत आहे, अशा अर्थाची). म्हणून बेरीज जितकी कमी तितका गोंधळ जास्त. घाईत सगळीकडे ‘सहमत’वर खूण करणाऱ्या सिस्टरमुळे वॉर्ड उगाच सुरळीत दिसतो, ही या मांडणीची अडचण आहे. त्यावर उपाय म्हणून शेवटी दोन मोकळे प्रश्न स्वतंत्रपणे घाला: ‘गेल्या आठवड्यात कोणतं काम कुणाचं ते कळलं नाही?’ आणि ‘या नोकरीत समाधान कशाने मिळतं, कशाने जातं?’ कागद पेटीत टाकायचे. ती पेटी त्याच वॉर्डच्या इन्चार्जने उघडायची नाही. वॉर्डात मोजक्याच सिस्टर असतील तर दोन-तीन वॉर्ड एकत्र धरा, नाहीतर अक्षरावरून माणूस ओळखला जातो आणि पुढच्या वेळी खरं कुणी लिहीत नाही.

आता मुख्य काम, जबाबदारीचा तक्ता. वहीतलं प्रत्येक काम एका ओळीत घ्या. रकाने चार: करणार कोण, तपासणार कोण, किती वेळात, आणि नाही झालं तर कळवायचं कुणाला. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट यांचे तक्ते वेगळे, कारण रात्री तीच माणसं नसतात. प्रत्येक चौकटीत एकच पद लिहायचं. ‘सर्वांनी’, ‘संबंधितांनी’ असे शब्द आले की ते काम पुन्हा बेवारस झालं असं समजा.

मोठी कामं तुकड्यांत फोडल्याशिवाय तक्ता उपयोगाचा नाही. रक्त चढवण्याचंच घ्या. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच असल्याने नागपूरच्या वॉर्डांत हे नेहमीचं. ‘ब्लड लावलं का?’ या एका प्रश्नात निदान सात कामं दडलेली असतात. नमुना घेऊन खाटेजवळच लेबल लावणं. मागणीच्या फॉर्मवर सही, ही डॉक्टरची. रक्तपेढीतून पिशवी आणणं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ती हातात धरून आवार ओलांडायची नसते, थंड पेटी लागते, आणि ती पेटी कुठे ठेवलेली असते हेही तक्त्यात हवं. खाटेजवळ दोघांनी मिळून नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा क्रमांक, मुदत पडताळणं. सुरू करण्याआधी आणि १५ मिनिटांनी टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी. संपल्यावर नोंद. रिअॅक्शन आली तर पिशवी बंद करून नव्या सेटने (नळीने) सलाईन चालू ठेवणं, डॉक्टरला बोलावणं, पिशवी आणि सेट रक्तपेढीला परत पाठवणं.

लाल पेशींची पिशवी फ्रीजबाहेर काढल्यावर ३० मिनिटांत सुरू आणि ४ तासांत पूर्ण व्हायला हवी. गोंधळ नेमका होतो तो पिशवी वॉर्डात पोहोचल्यावर: मामा (कक्षसेवक) ती काउंटरवर ठेवून जातो, सिस्टर समजते रेसिडेंट तपासेल, रेसिडेंट समजतो तपासून झालं. म्हणून ‘पिशवी हातात घेऊन वेळ लिहिणं’ ही स्वतंत्र ओळ करा आणि तिच्यापुढे त्या खाटेच्या सिस्टरचं पद लिहा.

छोटी कामंही सोडू नका. उन्हाळ्यात वॉर्डातल्या कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं, यावरून नातेवाईक सिस्टरवरच ओरडतात. दिवसातून किती वेळा आणि कुणी, ते लिहा. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची ओळ वेगळी ठेवा, नाहीतर तिथेच डेंग्यूचे डास होतात.

तोंडी आणि फोनवरच्या ऑर्डरचा नियम तक्त्याच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा. ऐकलं, केसपेपरवर वेळेसह लिहिलं, वाचून दाखवलं, ‘बरोबर’ ऐकलं, मगच औषध दिलं. डॉक्टरची सही पुढच्या राऊंडच्या आत. सही राहिली तर कुणाला कळवायचं तेही ठरवा. हा नियम युनिटच्या प्रमुख डॉक्टरांनी राऊंडला सर्वांसमोर सांगितला तरच चालतो. नुसता नर्सिंगचा नियम म्हणून लावला तर नवा रेसिडेंट पहिल्याच रात्री मोडतो आणि अडवणूक केल्याचा ठपका सिस्टरवर येतो.

शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना सगळं स्टेशनवर बसून उरकू नका, खाटेजवळ जा. क्रम ठरलेला ठेवा: रुग्ण कोण, कशासाठी दाखल, आज काय बदललं, चालू सलाईन-औषधं, आणि शेवटी अर्धवट काम कोणतं व ते कुणाकडे. दुपारी दोनला ही शेवटची ओळच गाळली जाते, सगळ्यांना बस गाठायची असते. तेवढी एक ओळ लेखी करा, बाकी तोंडी चालेल.

दुसऱ्या वॉर्डातून एका शिफ्टपुरती आलेल्या सिस्टरसाठी एक पानाचं कार्ड करा: इमर्जन्सी ट्रॉली कुठे, किल्ली कुणाकडे, या वॉर्डात तिने कोणती कामं करायची नाहीत, अडल्यास फोन कुणाला. कंत्राटी आणि नव्या सिस्टरनाही हेच कार्ड द्या. सगळ्यात जास्त गोंधळ त्यांच्याच वाट्याला येतो आणि विचारायचा संकोचही त्यांनाच असतो.

तक्ता बिघडतो तो ठरलेल्या कारणांनी. ऑफिसात बसून केला आणि नाईटच्या सिस्टरला विचारलंच नाही. कक्षसेवक आणि मावशींना बैठकीला बोलावलं नाही, त्यांच्या पदरी कामं मात्र लिहिली. सर्वात घातक म्हणजे चूक झाली की त्याच तक्त्यावर बोट ठेवून मेमो दिला. असं एकदा झालं तरी पुढची वही कोरी येते.

तक्त्यातून कधी असंही दिसेल की संध्याकाळी सहाला एकाच सिस्टरच्या नावावर नऊ कामं आहेत. तिथे स्पष्टतेने ताण कमी होणार नाही. तो कागद माणसं मागण्यासाठी वर पाठवा, सोबत त्या वेळची खाटांची आणि सिस्टरची संख्या जोडा. पगार, सुट्ट्या, बदल्या यांवरची नाराजीही तक्ता मिटवत नाही. ती मिटेल असं सांगूही नका.

सहा आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या आणि त्या आठवड्यात वॉर्ड किती भरलेला होता ते शेजारी लिहा. जानेवारीची बेरीज सप्टेंबरच्या डेंग्यूच्या गर्दीशी ताडून पाहिली तर निष्कर्ष चुकतो. तक्त्यावर तारीख हवी, आणि दर तीन महिन्यांनी जुना काढून नवा लावायची जबाबदारी कुणाची, ही तक्त्यातलीच एक ओळ असू द्या.

एखादी सिस्टर अनेक दिवस झोपत नाही, ड्यूटीच्या विचारानेच रडू येतं म्हणते, तर तक्त्याची वाट पाहू नका. तिची नाईट लगेच बदला, डॉक्टरांना दाखवायला सुट्टी द्या आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिला द्या.