पीएचबीचे स्फटिक कसे तपासावेत

जिवाणू ऊर्जासाठा म्हणून तयार करतात त्या पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट) या पॉलिएस्टरचे स्फटिक पाहायचे असल्यास पेशीबाहेर काढलेला नमुनाच घ्यावा, कारण पेशीतील कणांत तो अस्फटिकी असतो. शुद्ध पावडर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) काचपट्टीवर पातळ थर द्यावा. थर पूर्ण सुकल्यावर पट्टी १९० अंश सेल्सिअसला जेमतेम मिनिटभर तापवावी. पीएचबी १७५ ते १८० अंशांदरम्यान वितळतो आणि त्याहून फार वर न जाताच त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात. मग १०० अंशांच्या आसपास स्थिर ठेवल्यास ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकात गोल स्फटिकपुंज आणि त्यांवरील काळी फुली दिसते. तांब्याच्या क्ष-किरणांनी विवर्तन घेतल्यास १३.५ आणि १६.९ अंशांच्या कोनांजवळची (२θ) ठळक शिखरे ऑर्थोऱ्हॉम्बिक (तीन असमान, परस्परांना लंब अक्षांच्या) रचनेची खूण पटवतात.

नागपुरात खरी काळजी साठवणीची. या पॉलिएस्टरचे काचसंक्रमण तापमान (ज्याखाली त्याचा अस्फटिकी भाग काचेसारखा कडक होतो) सुमारे ४ अंश असल्याने साध्या खोलीतही साखळ्या हलत राहतात, स्फटिकीभवन हळूहळू चालूच राहते आणि थर ठिसूळ होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा हा वेग वाढतो. त्यामुळे ताणचाचणीचे सर्व नमुने एकाच तापमानाला ठेवावेत आणि प्रत्येकावर तो तयार केल्याची तारीख लिहावी. वेगवेगळ्या वयाच्या नमुन्यांची तुलना माझ्या मते निरर्थकच आहे.