घरगुती टिअरड्रॉप ट्रेलरला मागचा बंपर बसवताना

थेंबाच्या आकाराचा टिअरड्रॉप ट्रेलर हा १९३० च्या दशकात अमेरिकेत रुळलेला प्रकार आहे. त्यात पुढच्या भागात दोघांपुरती झोपायची जागा असते आणि मागचे झाकण वर उचलले की त्याखाली स्वयंपाकाचा ओटा असतो. या रचनेमुळे झाकणाची खालची कड हीच ट्रेलरची सर्वांत मागची आणि सर्वांत नाजूक बाजू ठरते. वर्धा आणि यवतमाळ यांच्यामधल्या आमच्या गावात मी बांधलेला ट्रेलर आठ फूट लांब व पाच फूट रुंद असून त्याची चासी ५० × ५० × ३ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची आहे. तो मागे घेताना पाराच्या दगडी कठड्याला झाकणाची कड जेमतेम टेकली, तेव्हा वरून काहीच दिसले नाही. पहिल्या पावसात मात्र प्लायचे थर सुटले आणि ओट्याखालच्या मिठाच्या बरणीपर्यंत पाणी पोहोचले. चूक माझीच होती, आणि बंपर आधीच बसवला असता तर ती फुकटात निभावली असती.

तरीही बंपरचे काम वेल्डिंगपासून सुरू करू नये, कारण ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे बसवलेला प्रत्येक किलो दांडीवरचे, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावरचे, वजन कमी करतो आणि दांडी हलकी झालेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो. एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीच्या टोकावर असावा, हा सर्वमान्य नियम आहे. एकूण वजनासाठी जवळच्या जिनिंगचा धरमकाटा पुरेसा असतो. दांडीसाठी मात्र तो फार ठोकळ पडतो. तिथे दुकानातला धान्याचा काटा कपलरखाली, म्हणजे दांडीच्या टोकाच्या गाडीला जोडायच्या पकडीखाली, ठेवावा किंवा शेतात कापूस तोलायच्या ताणकाट्याला चेन-कप्पीने दांडी टांगावी. दोन्ही पद्धतींत ट्रेलर पाणसळीवर सपाट असावा, कपलर गाडीला जोडल्यावर असतो त्याच उंचीवर असावा आणि चाकांच्या पुढेमागे दगड लावलेले असावेत.

माझ्या ट्रेलरचे आकडे उदाहरणादाखल देतो. सामानासह वजन ४२० किलो, दांडीवर ४६ किलो, ॲक्सलपासून कपलर २.४ मीटर पुढे आणि बंपरची जागा १.१५ मीटर मागे, असा हिशेब होता. बंपरचे वजन १०.५ किलो धरले, तर १०.५ ला १.१५ ने गुणून २.४ ने भागायचे. म्हणजे दांडीवरचे सुमारे पाच किलो कमी होतात. ४१ किलो म्हणजे नव्या एकूण वजनाचे साडेनऊ टक्के, अर्थात नियमाच्या खाली. यावर उपाय सोपा होता. ओट्याखाली, ॲक्सलच्या ०.८ मीटर मागे ठेवलेली दहा लिटर पाण्याची कॅन दांडीवरच्या पेटीत, ॲक्सलच्या १.७ मीटर पुढे नेली, आणि दांडीवरचे वजन ५१ किलोंवर गेले. प्रत्येकाने आपली मापे घालून हा हिशेब आधी कागदावर करावा आणि दांडीवरचा भार गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच ठेवावा.

याच कारणाने तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या कारागिराचा पहिला सल्ला, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या लोखंडी चॅनलचा बंपर करण्याचा, मी नम्रपणे बाजूला ठेवला. ट्रॉलीसाठी तो सल्ला योग्यच आहे, कारण ट्रॉली ओढणाऱ्या यंत्राला सहा-सात किलोंचे सोयरसुतक नसते. पण ७५ मिलिमीटरचा चॅनल मीटरला सुमारे सात किलो भरतो आणि अँगलचे आधार धरून तो बंपर सतरा किलोंवर जातो, तर ५० × ५० × ३ चा चौकोनी पाइप मीटरला साधारण सव्वाचार किलोंत काम भागवतो. शिवाय चासीपेक्षा दणकट बंपर केला, तर धक्का बसल्यावर बंपर शाबूत राहतो आणि चासी वाकते, जो तोट्याचा सौदा आहे. म्हणून आडवा पाइप ५० चा आणि त्याला धरणारे दोन हात ४० × ४० × ३ चे, अशी योजना करावी. वाकायचेच झाले तर बाहेर आलेला हात वाकेल आणि तो बदलता येईल.

आता उंची आणि अंतर. झाकणाची बिजागरी वर व पुढे असल्याने झाकण उघडताना त्याची खालची कड सरळ वर न जाता मागे आणि वर अशी तिरकी सरकते. त्यामुळे बंपरची वरची बाजू झाकणाच्या कडेपेक्षा खाली असावी आणि दोहोंमध्ये मागे-पुढे सात सेंटिमीटर मोकळी जागा असावी, म्हणजे मूठ फिरवायला पंजा आत जातो, पावसाचे पाणी अडत नाही आणि चिखलही साचून राहत नाही. पाइपची जाडी धरून बंपर एकूण बारा सेंटिमीटर मागे येतो. याहून जास्त बाहेर काढल्यास ओट्यावर काम करणाऱ्याला रोज पुढे वाकून पोळ्या लाटाव्या लागतात आणि नडगीला मार बसतो, तो वेगळाच. पाइप कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचा बंपर करून दोरीने बांधावा, झाकण दहा वेळा उघडावे आणि ओट्यासमोर उभे राहून पाहावे; अर्ध्या तासाच्या या खटाटोपात पुढच्या अनेक चुका वाचतात.

खालच्या बाजूची मर्यादा आपले रस्ते ठरवतात. पांदण रस्त्यावरून डांबरीवर चढताना किंवा नाल्यावरच्या रपट्यातून बाहेर पडताना ट्रेलरचे नाक वर होते आणि शेपूट जमिनीला टेकते. माझ्या चासीचा तळ जमिनीपासून ४० सेंटिमीटर आहे आणि बंपरशिवाय मागचा कोन, म्हणजे चाक जमिनीला टेकते तिथून मागच्या टोकाच्या तळापर्यंतच्या रेषेचा जमिनीशी होणारा कोन, सुमारे २१ अंश होता. चासीच्या पातळीतच बंपर बसवल्याने तो १९ अंशांवर आला. हाच बंपर दहा सेंटिमीटर खाली लोंबता ठेवला असता, तर कोन १४ अंशांपर्यंत उतरला असता आणि पहिल्याच रपट्यावर तो खडीत रुतला असता. म्हणून बंपर चासीच्या रेषेतच ठेवावा. त्यापेक्षा उंच असलेल्या वस्तूपासून, उदाहरणार्थ ट्रॉलीच्या फळीपासून, तो वाचवणार नाही, हे मान्य करावे. त्यासाठी उभ्या कमानी लावल्या तर झाकणच उघडणार नाही.

जोडणीसाठी सर्वांत सोयीची पद्धत म्हणजे चासीच्या दोन्ही लांब पाइपांच्या उघड्या टोकांतून ४० चे हात आत सरकवणे. ५० च्या पाइपची आतली मोकळी जागा ४४ मिलिमीटर असते; चारही बाजूंना उरणारी दोन मिलिमीटरची फट पत्र्याच्या पट्ट्या हाताला वेल्डिंगच्या टाक्यांनी जोडून भरावी, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला खडखड ऐकू येते. काही पाइपांत आतल्या बाजूला शिवणीचा उंचवटा असतो, तो तोंडापाशी कानसून घ्यावा आणि त्या बाजूची पट्टी मधोमध चिरून लावावी. हात किमान ३०० मिलिमीटर आत जावेत आणि प्रत्येक हाताला दोन, एकूण चार, १२ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे बोल्ट असावेत. भोके पाइपच्या उभ्या बाजूंना मध्यरेषेवर पाडावीत. वरच्या व खालच्या बाजूंवर वाकण्याचा ताण सर्वाधिक येतो, त्यामुळे तिथे भोक पाडणे म्हणजे चासी कमजोर करणे होय. प्रत्येक बोल्टभोवती हाताच्या आत नळीचा तुकडा, म्हणजे बुश, घालावा, अन्यथा पाना आवळताच पाइपच्या भिंती आत चेपतात, बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि महिन्याभरात ढिला होतो. तुमच्या चासीत मागची आडवी पाइप शेवटी असून टोके बंद असतील, तर सरकते हात जमणार नाहीत. तेव्हा लांब पाइपांच्या बाहेरच्या बाजूंना सहा मिलिमीटरच्या पट्ट्या बोल्टने जोडून त्यांवर बंपर घ्यावा.

वेल्डिंग ट्रेलरवर करू नये, हा माझा आग्रह आहे, कारण वरचा सांगाडा प्लायचा आणि भिंतींत थर्माकोल असतो. ठिणगी आत शिरली तर ती तासाभराने धूर देते. हात जागेवर सरकवून, आडवा पाइप गुण्याने व पाणसळीने जुळवून फक्त चार टाके मारावेत, तेही गॅसची टाकी दूर नेऊन, बॅटरी सुटी करून, गाडीची वायरजोड काढून आणि प्लायसमोर ओले पोते लावून. मग संपूर्ण बंपर बाहेर ओढून अंगणात पुरते वेल्डिंग करावे. पुरते वेल्डिंग करण्यापूर्वी दोन्ही हातांच्या मोकळ्या टोकांमध्ये एक अँगल टाक्यांनी तात्पुरता जोडून ठेवावा, कारण थंड होताना वेल्ड हातांना खेचतो आणि पाच मिलिमीटरने तिरपे झालेले हात पुन्हा आत जात नाहीत. तीन मिलिमीटरच्या पाइपला अडीच मिलिमीटरचा रॉड व ६० ते ८० अँपिअर पुरतात. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडते, तेव्हा वेल्ड वरून सुबक दिसतो, पण धातू आत भिनलेला नसतो. त्यामुळे हे काम सकाळी उरकावे. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरला असेल, तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढावा, कारण त्याचा धूर अंगात ताप आणतो.

आडव्या पाइपची टोके ४५ अंशांत कापून पत्र्याने बंद करावीत, म्हणजे ती बाभळीच्या काट्यांत किंवा कुणाच्या धोतरात अडकत नाहीत. तळाला दोन्ही टोकांजवळ सहा मिलिमीटरची भोके ठेवावीत, कारण बंद पाइपमध्ये दमट हवेचे पाणी होतेच. रंगापूर्वी रेड ऑक्साइडचे दोन थर द्यावेत आणि आत सरकणाऱ्या भागाला रंगाऐवजी ग्रीस लावावे.

मागचे दिवे झाकणाखालून काढून बंपरवर घ्यायचे असल्यास ते पाइपच्या मागच्या पृष्ठाच्या आत राहतील असे बसवावेत आणि अर्थिंगची वायर रंगवलेल्या बोल्टच्या भरवशावर न सोडता थेट चासीपर्यंत वेगळी ओढावी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार मागची नंबरप्लेट पांढऱ्या दिव्याच्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. म्हणून प्लेट बंपरने झाकली जात असेल, तर ती आणि तिचा दिवा दोन्ही हलवावेत. नोंदणीकृत वाहनातील फेरफार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतो, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आराखडा परिवहन कार्यालयात दाखवावा.

बंपर तयार झाला की त्यावर बसण्याचा मोह पाहुण्यांना होतो, विशेषतः चहा ओट्यावर असेल तेव्हा. वरचाच हिशेब इथेही लागू पडतो: ७० किलोंचा एक माणूस बसला, तर दांडीवरचे सुमारे ३३ किलो उचलले जातात आणि दोघे बसले तर ६७ किलो. दांडीवर मुळात ५१ किलोच असल्याने गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरचे नाक वर उडते. म्हणून मुक्कामी मागचे दोन्ही जॅक चासीखाली टेकवल्याशिवाय झाकण उघडू नये, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत जॅकखाली फळीचे तुकडे ठेवावेत, नाहीतर सकाळपर्यंत जॅक वीतभर रुतलेला आढळतो.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा आवळावेत आणि नट व पाइप यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे पाना न लावताच कळते. रपटा ओलांडल्यावर बंपरचा तळही बोटाने चाचपावा. रंग मधोमध खरवडला असेल, तर तो रस्त्याचा उंचवटा असतो. एकाच टोकाला खरवडला असेल, तर त्या बाजूची स्प्रिंग बसली आहे का, ते पाहावे.