खाडीवरचे पक्षी टिपताना आधी भरती पाहा

नोव्हेंबर ते मे या काळात ठाणे खाडीवर रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढायचे, तर कोणती लेन्स न्यावी यापेक्षा कोणत्या दिवशी जावं हे महत्त्वाचं. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात पांगतात. ६०० मिमीच्या लेन्समधूनही ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागलं की तेच थवे चरत चरत काठाकडे सरकतात. निम्मी भरती आणि कोवळं ऊन एकाच वेळी मिळायला हवं.

त्यासाठी कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. म्हणजे या दोन दिवशी सातच्या सुमारास पाणी चढतं असतं. हिशेबात तासाभराचा फरक पडतो, शिवाय खाडीच्या आत भरती समुद्रापेक्षा उशिरा पोचते. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक पाहाच. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती असते, पाणी काठापर्यंत येत नाही.

सकाळी ऐरोलीचा काठ धरा, दुपारनंतर भांडुपचा. ऊन पाठीशी राहतं. ऐरोलीहून वनविभागाची बोट भरतीच्या वेळेनुसार सुटते, जागा आधी राखून ठेवा. बोटीत ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर त्यातून थेट कॅमेऱ्यात उतरते. कॅमेरा हातात धरा, शटरचा वेग १/२००० सेकंद. काठावरून, उभ्या पक्ष्याला १/५०० पुरतं. बांधावर बसूनच काढा, म्हणजे लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला येते. चिखलात मात्र उतरू नका: पाय रुततो आणि मागून पाणी चढत असतं.

मोठा रोहित ही जात जवळजवळ पांढरी असते. मागे काळा चिखल असला की कॅमेरा फसतो आणि पिसांचा तपशील जळून जातो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ते −१ ठेवा. मागे उजळ आकाश असेल तर उलट, +१.

नऊ-दहानंतर तापलेल्या चिखलावर हवा थरथरते. मग लांबचे फोटो मऊच येतात. तो लेन्सचा दोष नव्हे. अशा वेळी शेकाटे, तुतवार असे जवळचे पाणपक्षी टिपा.

चरणाऱ्या पक्ष्यांनी माना वर केल्या की बोट तिथेच थांबवायला सांगा. उडणारा थवा हवा म्हणून बोट थव्यात घालायला लावणं अक्षम्य आहे: भरतीला बसायला जागा आधीच कमी, त्यात उडण्यात ताकद वाया जाते.

घरी आल्यावर लेन्सचं बाहेरचं अंग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. कोरडं फडकं मिठाचे कण घासून ओरखडे पाडतं.