मित्राने न विचारता तुमची शिडाची बोट नेली? मग या चुका टाळा

मुंबईत स्वतःची शिडाची बोट बाळगणारे लोक मोजकेच. अपोलो बंदरासमोर पावसाळा सरल्यावर ज्या बोटी बोयांना (पाण्यात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपांना) बांधलेल्या दिसतात, त्यांचे मालक एकमेकांना ओळखतात, आणि त्यांचे बोटमन तर रोज एकत्र बसून डबा खातात. त्यामुळे तुम्ही पुण्याला लग्नाला गेलेले असताना तुमची बोट मांडव्याला दिसली, तर ती बातमी आज ना उद्या तुमच्या कानावर येतेच. नेणारा बहुतेक वेळा परका नसतो. तुमच्याबरोबर अनेकदा आलेला, शिडं चढवायला हात लावलेला, तुमच्या घरी जेवलेला मित्र असतो. चोर असता तर काय करायचं ते सरळ होतं. इथे एकीकडे संताप आणि दुसरीकडे भीड, आणि या दोघांच्या कात्रीत माणसं भलतंच काहीतरी करून बसतात.

बोट अजून परतली नसेल, तर भांडण उद्यावर ठेवा

बोयाजवळ बोट नाही असं कळल्यावर पहिला फोन शिव्या द्यायला करू नका. तो समुद्रात आहे, आणि त्याला तुमच्या ओरडण्यापेक्षा भरतीची वेळ कळणं जास्त गरजेचं आहे. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. ओहोटी जोरात लागली आणि वारा पडला, की नवखा माणूस शीड उभारून जागच्या जागी उभा राहतो, किंवा उलटा वाहत जातो. त्यात मोठ्या जहाजांची वाट, नौदलाच्या गोदीचा मज्जाव असलेला पट्टा आणि कोळ्यांची डोल जाळी (प्रवाहात रोवून ठेवलेली). दुपारच्या वाऱ्यात मजेत मांडव्याला गेलेला माणूस संध्याकाळी परत येताना या सगळ्यातून वाट काढत असतो.

म्हणून विचारायचं ते एवढंच: कुठे आहेस, किती जण आहात, लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का, इंजिन चालू होतंय का. फोन लागत नसेल तर तुमच्या याट क्लबची लाँच, व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ (मदत मागायचा), आणि अंधार पडत आला असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. बोटीचं नाव, रंग, लांबी, शिडावरचा नंबर, शेवटची कुठे दिसली, एवढं तयार ठेवा.

इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे मित्राची अब्रू जाऊ नये म्हणून गप्प बसणं. दुसरी म्हणजे मित्रानेच नेली असणार हे मनात पक्कं असताना ‘बोट चोरीला गेली’ असं कळवणं. या किनाऱ्यावर दोन्ही महागात पडतं. २००८ च्या नोव्हेंबरात हल्लेखोर ‘कुबेर’ नावाचा पळवलेला ट्रॉलर वापरून इथवर आले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एक रिकामी याट लागली, आत एके-४७ रायफली सापडल्या, आणि ती मालकांनी वादळी समुद्रात सोडून दिलेली बोट होती हे उलगडेपर्यंत नाकाबंदी झाली होती. बेपत्ता बोटीची खबर इथे कोणी सहज घेत नाही, आणि घेऊही नये. जे माहीत आहे तेच सांगा: ‘बोट माझी आहे, ओळखीच्या माणसाने न विचारता नेलेली असावी, संपर्क होत नाहीये.’

एका खुणेवरून निकाल लावू नका

बोट जागेवर आहे, पण काहीतरी वेगळं वाटतंय. डिझेल कमी वाटतं, शिडाच्या कव्हरची गाठ तुमच्या पद्धतीची नाही. एवढ्यावरून मित्राला धरणं घाईचं. बॅटरी उतरू नये म्हणून बोटमनने इंजिन चालवलेलं असू शकतं. शेजारची बोट घासत होती म्हणून क्लबने तुमची हलवलेली असू शकते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा, ज्यांच्या बोटी कोणीतरी न विचारता सुरक्षित जागी नेल्या, त्यांनी तक्रार करायची की पेढे द्यायचे?

पण काही खुणा खोटं बोलत नाहीत. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे बोयाचा दोर. बोट बांधलेली असते तेव्हा या दोराचं डेकवरचं टोक कोरडं, मिठाने कडक झालेलं असतं. बोट बाहेर नेताना तो पाण्यात सोडावा लागतो, आणि परत आल्यावर वर ओढला की बंदरातला करडा चिखल आणि हिरवी बुळबुळ घेऊन येतो. डेकच्या पुढच्या टोकाला त्या चिखलाचे वाळलेले ओघळ दिसले, तर बोट जागची सुटली होती. नांगराच्या साखळीवर ओला गाळ असेल, तर कुठेतरी थांबलीही होती. पंख्याच्या दांड्याला नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला सापडला, तर कुठून गेली याचाही अंदाज येतो. आणि मग एका कोळी कुटुंबाचं जाळं फाटलंय, त्याचीही चौकशी तुम्हालाच करावी लागणार आहे.

या खुणांचे फोटो काढा, मगच काही धुवा-पुसा. मग बोटमनला विचारा, आणि मित्राला सगळ्यात शेवटी.

‘कधीही ने रे’ हे वाक्य आठवून पाहा

बहुतेक मालक इथे चाचपडतात. दोन वर्षांपूर्वी एलिफंटाहून परतताना, वारा छान होता, मूड छान होता, आणि तुम्हीच म्हणाला होतात, ‘आता तुला जमतंय, कधीही ने रे बोट.’ तुमच्यासाठी ते कौतुक होतं. त्याने ती परवानगी समजली.

कायदाही हा फरक ओळखतो. भारतीय न्याय संहितेत चोरीची व्याख्या कलम ३०३ मध्ये आहे, आणि त्याखाली जुन्या दंड संहितेपासून चालत आलेलं एक उदाहरण आहे. एक माणूस मित्राच्या गैरहजेरीत त्याच्या ग्रंथालयातून, वाचून परत द्यायच्या इराद्याने पुस्तक नेतो. मित्राची मूक संमती असेल असं त्याला खरोखर वाटलं असेल, तर ती चोरी नाही. पण ‘परतच करणार होतो’ ही पळवाट सगळीकडे चालत नाही. १९५२ मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या एका प्रशिक्षणार्थीने हार्वर्ड विमान परवानगीशिवाय उडवलं, ते पाकिस्तानात उतरलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वस्तू तात्पुरती नेली तरी चोरी होऊ शकते, असं न्यायालयाने १९५७ मध्ये ठरवलं आणि त्याला दोषी ठरवणारा निकाल कायम ठेवला. उड्डाण ठरलेल्या वेळेआधी, नेहमीचे सोपस्कार न करता झालं होतं, हेही न्यायालयाने लक्षात घेतलं.

म्हणून मित्राच्या बाबतीत खरा प्रश्न असा विचारावा: त्याने उघडपणे नेली की लपवून? क्लबच्या वहीत स्वतःचं नाव लिहून गेला असेल, इन्स्टाग्रामवर फोटो टाकले असतील, तर त्याला खरंच वाटलं असेल की चालतं. तुम्ही गावाला आहात हे आधी हेरून, बोटमनला ‘साहेबांना सांगू नको’ म्हणून पाचशेची नोट दिली असेल, तर तो मामला वेगळा. पहिल्यासाठी एक स्पष्ट संभाषण पुरतं. दुसऱ्यासाठी निदान क्लबला लेखी कळवा. नुकसान मोठं असेल किंवा हे पुन्हा झालं असेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांकडे जायलाही हरकत नाही.

बोटमनवर राग काढू नका

हे जवळजवळ प्रत्येक वेळी होतं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीचं असतं. साहेबांचा मित्र धक्क्यावर येतो, ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणतो. पगारावर असलेला माणूस त्याला काय म्हणणार? ‘खोटं बोलताय’ म्हणणार? त्याने गेल्या दिवाळीत याच मित्राच्या हातून मिठाईचा पुडा घेतलाय. तुम्ही दोघं उद्या पुन्हा मित्र व्हाल, आणि नोकरी त्याची जाईल.

त्याच्या हातात नकार द्यायचं साधन द्या. मित्राच्या देखत सांगा: ‘दादा, माझा फोन तुम्हाला आल्याशिवाय बोट कोणालाही द्यायची नाही. माझा भाऊ आला तरी नाही.’ यामुळे बोटमनला ‘मला साहेबांचा फोन नाही आला हो’ एवढंच म्हणायचं उरतं. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

ग्रुपवर टोमणा, आणि घरी मौन

क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काही लोकांना दुसऱ्यांच्या वस्तू आपल्याच वाटतात’ असं टाकणं म्हणजे सगळ्यांना चघळायला विषय देणं. ज्याला बोलायचंय त्याच्याशीच बोला, शक्यतो समोरासमोर. आणि वाक्य आरोपाचं नको, प्रश्नाचं हवं. ‘शनिवारी बोट तू नेली होतीस का?’ एवढं विचारून थांबा. बहुतेक जण कबूल होतात. मग पुढचं: ‘मला न विचारता जायचं नाही. काही झालं असतं तर पोलिसांनी, इन्शुरन्सवाल्यांनी, तुझ्याबरोबर आलेल्यांच्या घरच्यांनी, सगळ्यांनी मलाच धरलं असतं.’ हे म्हणताना हसू नका. हसत म्हटलेलं माणूस हसत विसरतो.

‘डिझेलचे पैसे देतो ना’

बोट नेऊन, टाकी भरून, परत बांधली म्हणजे हिशेब फिटला असं त्याला वाटतं. मित्राची बाईक नेल्यावर जसं करतात तसं. इथे जपून. खाजगी वापराच्या बहुतेक बोट-पॉलिसींमध्ये भाड्याने देणं बसत नाही. त्याने सोबत नेलेल्या मंडळींकडून माणशी पैसे गोळा केले असतील आणि त्यातले काही तुमच्या खात्यात ‘बोट’ असं लिहून आले असतील, तर उद्या दाव्याच्या वेळी ती नोंद तुमच्याविरुद्ध उभी राहील. दुरुस्तीचे पैसे जरूर घ्या, बिलाप्रमाणे, दुरुस्ती करणाऱ्याला त्यानेच दिले तर उत्तम. वापराचे म्हणून एक रुपया घेऊ नका.

पॉलिसी या निमित्ताने एकदा काढून वाचाच. कोणत्या हद्दीत, कोणत्या महिन्यांत, कोणाच्या हातात सुकाणू असताना संरक्षण आहे, हे त्यात असतं. नुकसान झालेलं असेल तर ‘मीच होतो’ असं मित्रप्रेमाने लिहून देऊ नका. विम्याचा करार पूर्ण सचोटीवर उभा असतो, आणि एक खोटं वाक्य सगळा दावा बुडवतं. आणखी एक: तो बोट नेतो हे माहीत असून तुम्ही कानाडोळा करत राहिलात, तर ‘मला कल्पनाच नव्हती’ हे म्हणायची सोय संपते.

माफ केलंत, पण बोट पाहिलीत का?

समेट झाला, चहा झाला, आणि बोट कोणी तपासलीच नाही. पुढच्या रविवारी तुम्ही मुलांना घेऊन निघता. त्याआधी निदान इतकं पाहा: आत पाणी साचलंय का आणि ते खारं आहे का, सी-कॉक (तळातून समुद्राचं पाणी आत येण्याच्या नळांच्या तोट्या) बंद आहेत का, डोलकाठीच्या तारांच्या पिना जागेवर आहेत का, सुकाणू पूर्ण दोन्हीकडे न अडकता वळतं का. शिडाच्या शिवणी उन्हात पसरून पाहा.

आणि त्याला एक प्रश्न नक्की विचारा: ‘कुठे तळाला लागली का?’ हा प्रश्न राग ओसरल्यावर विचारा, नाहीतर उत्तर ‘नाही’च येईल. चिखलात टेकली असेल तर फारसं काही नाही. खडकावर आपटली असेल तर तळाचा कणा ज्या बोल्टांनी जोडलेला असतो तिथे वरून न दिसणारी चीर पडू शकते, आणि त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढूनच पाहावी लागते. त्याने खरं सांगणं तुम्हाला त्याच्या माफीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

कुलूप कुठे लावावं, कुठे नाही

धडा शिकवायचा म्हणून गुपचूप काहीतरी ढिलं करून ठेवणं, इंधनाचा कॉक अर्धवट बंद करणं, हे कोणी करतं यावर विश्वास बसत नाही, पण ‘करायला पाहिजे’ असं म्हणणारे भेटतात. असली बोट धक्क्यावर बंद पडत नाही, वाटेत पडते, जहाजांच्या रस्त्यात. जे करायचं ते दिसेल असं करा: सुकाणूचा दांडा काढून घरी न्या, केबिनला कुलूप लावा, इंजिनची किल्ली स्वतःकडे ठेवा. बोयाचा दोर मात्र साखळी-कुलपाने बंद करू नका. वादळात किंवा शेजारच्या बोटीला आग लागली तर तुमची बोट कोणालातरी दोन मिनिटांत सोडवता आली पाहिजे.

आणि मित्र खरंच चांगला चालवणारा असेल, तर सरळ परवानगी द्या की. विमा कंपनीला त्याचं नाव कळवा, त्याला एक मेसेज पाठवा: कोणत्या हद्दीत, किती माणसं, सूर्यास्ताच्या किती आधी परत, निघताना आणि बांधल्यावर मला फोन. तो ‘ओके’ म्हणाला की स्क्रीनशॉट बोटमनला पाठवा. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरवाल त्याच आठवड्यात हे करून टाका. डिसेंबरात पाहुणे आले, की सगळ्यांना बोट हवी असते.