वाघाच्या बिल्ल्याचं वय कसं कळलं

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, मला टोपीवरचा पितळी बिल्ला मिळाला. मधोमध वाघ, वरच्या फितीवर 'हिंदुस्तान', खालची फीत पांढऱ्या पुटाने भरलेली. विकणारे आजोबा म्हणाले, "पहिल्या महायुद्धातला आहे." मी तसंच लिहून ठेवलं.

रेजिमेंट लगेच कळली. १७ वी फूट ही ब्रिटिश पायदळाची तुकडी, म्हणजे पुढची लेस्टरशायर रेजिमेंट. १८०४ ते १८२३ हिंदुस्थानात काढलेल्या वर्षांची खूण म्हणून तिला १८२५ मध्ये हा वाघ मिळाला. तो पाहिला की आजही माझा ऊर भरून येतो.

अडलं ते काळावर. एरवी जुन्या ब्रिटिश बिल्ल्यावर मी आधी मुकुट बघतो. गोल कमानींचा असेल तर १९०१ ते १९५२ मधल्या राजांचा, मधे खोलगट असेल तर राणी एलिझाबेथचा. पण या बिल्ल्यावर मुकुटच नाही!

शेवटी तो कोमट साबणाच्या पाण्यात भिजवला, जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासला आणि अक्षरांतलं वाळलेलं पॉलिश लाकडी टूथपिकने टोकरलं. 'लेस्टरशायर'च्या आधी एक शब्द उमटला: 'रॉयल'. हा मान रेजिमेंटला १९४६ मध्ये मिळाला, म्हणजे बिल्ला दुसऱ्या महायुद्धानंतरचा.

मागची बाजूही तपासली. वाघाचा उलटा, खोलगट ठसा स्वच्छ आहे, म्हणजे साच्यात दाबून काढलेला. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट आणि खडबडीत असते. पितळ चकचकीत मात्र केलं नाही, करूही नका. वाघाचे पट्टे झिजतात.

वहीतली नोंद त्याच रात्री दुरुस्त केली.