सूक्ष्म धूलिकणांचे मानक गाठण्यासाठी कोल्हापूरचा आराखडा कसा आखावा

गळीत हंगामात सकाळी गच्चीवरच्या कपड्यांवर राखेचे काळे कण दिसले की प्रदूषण म्हणजे हेच असे वाटते. पण ते डोळ्यांना दिसतात याचाच अर्थ ते २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुष्कळ मोठे असतात. ज्या कणांसाठी आराखडा करायचा ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून सुरुवात मोजमापापासूनच करावी लागते.

२००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ ची, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची, वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. २४ तासांची मर्यादा ६० असून ती वर्षातील ९८ टक्के वेळा पाळली गेली पाहिजे आणि सलग दोन दिवस ओलांडली जाता कामा नये. ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत. पावसाळ्याच्या जोरावर वार्षिक सरासरी साधलेले शहर हिवाळ्यातील दैनिक मर्यादेत नापास होऊ शकते. कोल्हापूरचा समावेश असलेला २०१९ चा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम मुख्यतः पीएम १० च्या, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या, भरड धूळही धरणाऱ्या कणांच्या घटीवर यश मोजतो, त्यामुळे रस्ते झाडून आकडे सुधारतात आणि धूर तसाच राहतो.

आराखड्याचे क्षेत्र महापालिकेच्या हद्दीवर थांबवू नये. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, करवीरमधील गुऱ्हाळे आणि पुणे-बंगळूर महामार्ग यांचा धूर हद्दवाढीच्या निकालाची वाट पाहत नाही.

त्यानंतर उत्सर्जनाची यादी करावी. गुऱ्हाळाच्या बाबतीत चुलवाणात (रस उकळण्याच्या भट्टीत) रोज किती चिपाड जळते, ते वाळलेले असते की ओलसर, आणि हंगामात किती दिवस घाणा चालतो हे प्रत्यक्ष विचारून लिहावे, कारण ओल्या जळणाचा धूर कितीतरी अधिक असतो. ही यादी फिल्टरवरील कणांच्या रासायनिक पृथक्करणाशी ताडून पाहावी: लेव्होग्लुकोसन हे पाचट, लाकूड यांसारखा जैवभार जळाल्याची खूण आहे, तर लोह आणि मँगनीज फाउंड्रीकडे (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांकडे) बोट दाखवू शकतात. सल्फेट आणि नायट्रेट मात्र मुख्यतः हवेतच तयार होतात, आणि त्यात शेतातील युरियातून सुटणाऱ्या अमोनियाचाही हात असतो. धुराडी मोजून तो वाटा सापडत नाही.

आता हिशेब. समजा, वार्षिक सरासरी ५२ आहे आणि त्यातील २० बाहेरून वाहत येते. ४० वर यायचे तर १२ कमी करायचे. पण स्थानिक वाटा ३२ चाच असल्याने स्थानिक उत्सर्जनात सुमारे ३८ टक्के कपात लागेल. एखादा हिवाळा वाऱ्याविना गेला तर ही कपातही अपुरी पडते, म्हणून लक्ष्य ३६ च्या आसपास धरणे शहाणपणाचे.

उपायांचे वेळापत्रक उसाला धरून लावावे. खोडव्याला (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसाला) पाणी देण्याआधी पाचट कुट्टीचे यंत्र शेतात पोहोचले नाही, तर शेतकरी काडी लावणारच. दंडाच्या नोटिशीपेक्षा यंत्रांची संख्या येथे महत्त्वाची आहे. चुलवाणांच्या दुरुस्त्या आणि फाउंड्रीतील लोखंड वितळवणाऱ्या, कोकवरील क्युपोला भट्ट्यांच्या जागी विजेवरील इंडक्शन भट्ट्या बसवण्याची कामे सप्टेंबरअखेर संपवावीत, आणि परिणाम तपासताना नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे आकडे आदल्या वर्षांच्या त्याच महिन्यांशी ताडावेत, पावसाळ्याशी नव्हे.