दहा बाय दहाच्या खोलीत फंक-पॉप अल्बम

फंक हे चार-पाच जणांच्या आपसातल्या बोलण्याचे संगीत आहे. ड्रमर काहीतरी म्हणतो, बासवाला त्याला मध्येच तोडतो, गिटार दोघांच्या फटीत एक टिचकी मारून गप्प बसते आणि गायक आपले म्हणणे पुढे रेटतो. घरी एकट्याने अल्बम करणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते, कारण त्याला मध्ये तोडणारे कुणीच नसते. बास वाजवताना तो बासवाला म्हणून सगळी जागा भरतो, गिटार हातात घेतल्यावर पुन्हा तीच जागा भरतो आणि शेवटी गाण्यात श्वास घ्यायलाही फट उरत नाही. पुढची सगळी कृती या एका अडचणीभोवती रचलेली आहे. आठ गाणी आणि साधारण अर्धा तास एवढा आवाका मी गृहीत धरला आहे. पहिल्याच अल्बमला बारा गाणी करायला निघालेले बहुतेक जण सातव्या गाण्याशी थांबलेले मी पाहिले आहेत.

आधी खोलीविषयी बोलू, कारण फ्लॅटमधली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि जवळजवळ तितकीच उंच खोली ही बासप्रधान संगीताची जुनी वैरीण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत ३.०५ मीटर अंतर असेल, तर त्या खोलीचा पहिला घुमारा ५६ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि बास गिटारची मोकळी 'ए' तार ५५ हर्ट्झवर लागते. म्हणजे तो एकच स्वर भिंतीलगत बसलात तर ढगासारखा गडगडतो आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी बसलात तर जवळजवळ नाहीसा होतो. माझे पहिले मिक्स मी खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून केले होते. बास ऐकू येईना म्हणून तो वाढवत गेलो, आणि दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीत ते गाणे लावले तेव्हा दाराचे पत्रे थरथरू लागले. यावर उपाय असा, की टेबल एका भिंतीकडे तोंड करून ठेवावे, कान त्या भिंतीपासून साधारण सव्वातीन-साडेतीन फुटांवर येतील असे बसावे, आणि खोलीच्या कोपऱ्यांत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरलेल्या, किमान चार इंच जाडीच्या चौकटी उभ्या कराव्यात. गोधड्या आणि पडदे टाळ्यांचा खणखणाट शोषतात, पण बासच्या घुमाऱ्याला ते काहीच करत नाहीत. अंड्यांच्या ट्रेचा तर भिंत विद्रूप करण्यापलीकडे उपयोग नाही. एवढे करूनही बासची पातळी ठरवताना चांगल्या हेडफोनवर खातरजमा करावीच लागते.

यंत्रसामग्री थोडकीच पुरते: दोन इनपुटचा इंटरफेस (माइक आणि गिटार संगणकाला जोडणारी पेटी), गायनासाठी एक कंडेन्सर माइक, एक बास, एक इलेक्ट्रिक गिटार, बोटाचा जोर ओळखणाऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड आणि जे सॉफ्टवेअर हाताला बसले आहे ते. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करावे, आणि सर्वांत मोठा आवाजसुद्धा उणे दहा-बारा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. वाजवताना सॉफ्टवेअरमधला बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने; जास्त ठेवला की आवाज उशिरा येतो) १२८ किंवा त्याहून कमी ठेवावा, मिक्स करताना तो १०२४ पर्यंत खुशाल वाढवावा. गिटारमधून पन्नास हर्ट्झची घरघर येत असेल, तर सगळी उपकरणे एकाच विजेच्या बोर्डावर घ्यावीत, त्या बोर्डाचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, आणि गिटार घेऊन स्वतःभोवती हळूहळू फिरावे. एखाद्या दिशेला घरघर एकदम कमी होते, तिथेच खुर्ची ठेवावी.

आता तालाकडे येऊ. फंकमध्ये चार ठोक्यांच्या आवर्तनात प्रत्येक ठोक्याचे चार भाग धरले, तर सोळा घरे होतात. फंकचा आद्य गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना पहिल्या घरावर सगळ्यांनी एकत्र उतरण्याचा आग्रह धरत असे. आपल्याकडे तबला शिकलेल्या माणसाला ही कल्पना वेगळी शिकवावी लागत नाही, तो तिला सम म्हणतो. समेवर सगळे भेटतात आणि उरलेल्या पंधरा घरांत कोण कुठे बोलणार याची वाटणी होते. म्हणून वाद्य हातात घेण्याआधी मी पढंत करतो. मिनिटाला १०० ठोक्यांचा क्लिक लावायचा आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम), बास या प्रत्येकाचा वाटा तोंडाने, बोल म्हटल्यासारखा म्हणायचा. जे तोंडाने म्हणता येत नाही ते बोटांना येईल अशी आशा धरू नये.

या वेगाला एक घर १५० मिलिसेकंदांचे असते. घरांच्या जोडीतले दुसरे घर किंचित उशिरा टाकले की चाल डोलू लागते. सॉफ्टवेअरमध्ये स्विंग ५६ टक्के केला, तर दुसरे घर १५० ऐवजी १६८ मिलिसेकंदांवर पडते. अठरा मिलिसेकंदांचा हा फरक कानाला वेगळा ओळखू येत नाही, पण पायाला कळतो. हा आकडा गाण्यागणिक एकदाच ठरवावा आणि सगळी वाद्ये त्यालाच बांधावीत. ड्रम ५६ वर आणि कीबोर्ड सरळ ५० वर असेल, तर दोघे एकमेकांच्या पायावर पाय देतात, आणि ऐकणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही.

गाणे लिहिताना फंक आणि पॉप यांची ओढाताण होते. फंकला एकाच स्वरसंगतीवर मुक्काम करायला आवडते, तर पॉपला मिनिटभराच्या आत ध्रुवपद हवे असते. मी कडवे एकाच नाइन्थ कॉर्डवर (नववा स्वर जोडलेल्या स्वरसंगतीवर) ठेवतो, ध्रुवपदात तीन-चार कॉर्ड उलगडू देतो, आणि दोन्हीकडे बासची एक लहानशी खूण सारखी ठेवतो. कच्चे गाणे मोबाइलवर फक्त टाळी, बास आणि आवाज एवढ्यातच रेकॉर्ड करावे. तेवढ्यात ते उभे राहत नसेल, तर पुढे सिंथेसायझरचे थर चढवून त्याला टेकू देत बसू नये, दुसरे गाणे घ्यावे.

मराठी शब्दांबद्दल मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे, कारण आपल्या भाषेत फंक बसत नाही ही तक्रार मी वारंवार ऐकतो. अडचण दोन सवयींची आहे. एक, भावगीताच्या वळणाने आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' ताणून गातो. बोलताना आपण 'घर' म्हणतो, पण गाताना ते 'घरऽ' होते आणि ठोका पसरतो. दुसरी, आपले वाक्य क्रियापदाने संपते, त्यामुळे ओळीमागून ओळ 'आहे' आणि 'होते' यांवर येऊन मऊ पडते. आज्ञार्थ आणि अर्धवट वाक्ये वापरली, की दोन्ही अडचणी सुटतात. ही ओळ पाहा:

जिना चढ, दार उघड, दिवा लाव, बूट काढ.

चार जोड्या, चार ठोके. 'जिना चढ' बोलीत तीन उच्चारांत संपते, चौथे घर रिकामे राहते. 'दार उघड' आणि 'दिवा लाव' यांचेही तसेच. 'बूट काढ' मात्र दोनच उच्चारांत आटोपते आणि तिथे दोन घरे मोकळी पडतात. एकूण सोळा घरांपैकी अकरा आवाजाने भरली, पाच उरली. त्या शेवटच्या दोन मोकळ्या घरांत बासने उत्तर दिले की ओळ पूर्ण होते. ढ, ड, ट, च ही व्यंजने स्वतःच ढोलकीची थाप देतात. धडपड, खटपट, लगबग असले शब्द आपल्याकडे पोत्याने पडले आहेत.

ड्रमचा खरा संच फ्लॅटमध्ये वाजवता येत नाही, तेव्हा ते कीबोर्डच्या पट्ट्यांवर बोटांनी वाजवावेत. पण दोन आवर्तनांचा तुकडा करून तो चाळीस वेळा चिकटवण्याचा मोह टाळावा. पूर्ण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे एका दमात वाजवावे, मग मोठ्या चुका दुरुस्त कराव्यात. स्नेअरचे मुख्य ठोके ११० च्या आसपासच्या जोराने आणि त्यांच्या मधले पुसट ठोके २० ते ४० च्या जोराने पडू द्यावेत. जोराच्या एकूण १२७ पायऱ्या आहेत. त्यातल्या खालच्या चाळीस वापरल्या नाहीत, तर फंक होत नाही, संचलन होते.

त्यानंतर बास, तोही उभे राहून. इंटरफेसमध्ये थेट वायर लावावी आणि ब्रिजजवळ (तारा जिथे बासच्या अंगावर टेकतात तिथे) तारांखाली फोमचा बारीक तुकडा सरकवावा. स्वर आखूड होतो आणि किकच्या वाटेतून लवकर बाजूला सरतो. किती वाजवले यापेक्षा स्वर कुठे थांबवला हे इथे जास्त महत्त्वाचे आहे, म्हणून डाव्या हाताची बोटे तार सोडतात तो क्षणसुद्धा एखाद्या घरावर नेमका पडला पाहिजे. हे शिकायला मला दोन वर्षे लागली आणि अजूनही रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या तासाला बोटे आळसावतात.

गिटारसाठी उंच स्वरांच्या, पातळ तीन तारा पुरतात. उजवा हात सोळाही घरांवर वरखाली हलत राहतो आणि डावा हात बहुतेक घरांवर तारांवर नुसता टेकलेला असतो, म्हणजे स्वराऐवजी 'चक' एवढेच ऐकू येते. खरी कॉर्ड तीन-चार घरांवरच उघडते. कीबोर्डने मग गिटारने सोडलेली घरे घ्यावीत. एकट्याने खेळायच्या या खेळात मी एक युक्ती करतो: प्रत्येक वाद्य वेगळ्या दिवशी वाजवतो आणि त्या दिवशी आधीच्या वाद्यांची फाइल उघडून बदलायची नाही असे बंधन घालून घेतो. कालचा बासवाला परका माणूस झाला, की आजचा गिटारवाला त्याला थोडी वाट देतो.

सगळी वाद्ये झाली की उलटे काम सुरू करावे. गाणे चालू ठेवून एकेक ट्रॅक बंद करून पाहावा, आणि बंद केल्यावर उणीव भासली नाही तर तो पुसून टाकावा. अमेरिकी गायक प्रिन्सने १९८४ च्या 'व्हेन डव्ह्ज क्राय' मधून चक्क बास काढून टाकला होता आणि ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. एकट्याने सगळे वाजवण्याचा हट्टही फार ताणू नये. स्टीव्ही वंडरने १९७२ च्या 'सुपरस्टिशन' मध्ये ड्रम, क्लॅव्हिनेट (तारांचा इलेक्ट्रिक कीबोर्ड) आणि मूग बास (सिंथेसायझरवरचा बास) स्वतः वाजवले, तरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनसाठी दुसरे वादक घेतलेच. सिंथेसायझरवरचे ब्रास ऐकताक्षणी खोटे वाटते. ओळखीतला कुणी ट्रम्पेटवाला असेल, तर त्याला एका दुपारसाठी बोलवावे आणि योग्य मानधन द्यावे.

गायनासाठी कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्याकडे पाठ करावी, म्हणजे तोंडासमोरच्या माइकमध्ये मागच्या भिंतीचा परतलेला आवाज शिरत नाही. माइक वीतभर अंतरावर असावा. पंखा आणि फ्रिज बंद करावेत, पण फ्रिज पुन्हा चालू करण्याची आठवण दारावर चिकटवून ठेवावी. आमच्या घरी एकदा दोन लिटर दूध या अल्बमच्या कारणी लागले आहे. पुण्यात राहत असाल, तर गणपतीआधीच्या महिन्यात संध्याकाळी गायन ठेवू नये, कारण ढोल-ताशा पथकांचा सराव बंद खिडकी मानत नाही. मुख्य आवाजाचे चार-पाच पूर्ण टेक घेऊन त्यांतले चांगले तुकडे जोडावेत, आणि ध्रुवपदातला सहगान मात्र माइकपासून दोन पावले मागे जाऊन, प्रत्येक वेळी जरा वेगळ्या आवाजात गावे, म्हणजे एकाच माणसाची चार प्रतिबिंबे न वाटता चार माणसे वाटतात.

मिक्समध्ये किक आणि बास यांचा वाद आधी मिटवावा. किकला साठ हर्ट्झच्या आसपास जागा दिली, तर बासला तिथे थोडे उतरवून शंभराच्या वर चढवावे. गाण्यात उलटे शोभत असेल तर उलटे करावे, पण दोघांनाही एकच जागा देऊ नये. गिटारमधले १२० हर्ट्झच्या खालचे सगळे काढून टाकावे. मग सगळे मोनोमध्ये (डावा-उजवा आवाज एकत्र करून), हळू आवाजात, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावे. बास तिथेही समजत असेल तरच मिक्स झाले असे मानावे. मास्टरिंगला (तयार मिक्सवरच्या शेवटच्या संस्काराला) पैसे खर्च करून दुसरे कान घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. स्पॉटिफाय गाणी सुमारे उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचे एकक) पातळीवर आणून वाजवते, त्यामुळे गाणे दाबून दाबून मोठे केल्याने तिथे काही मिळत नाही आणि पुसट ठोके मात्र बुजतात.

अल्बम बाहेर काढताना वितरकाकडून (गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून) प्रत्येक गाण्याला बारा चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख, मिळतो. तो जपून ठेवावा, कारण मानधनाचा हिशेब पुढे त्याच्यावरच चालतो. गीतकार आणि संगीतकार म्हणून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व घ्यावे, आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत त्याला विचारून, तो लिहितो त्याच पद्धतीने लिहावे. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचे लागते. प्रकाशनाच्या किमान चार आठवडे आधी सगळे सुपुर्द करावे, आणि त्याच दिवशी प्रत्येक वाद्याचा ट्रॅक शून्य सेकंदापासून वेगळा काढून, फाइलच्या नावात गाण्याचा वेग लिहून, दोन स्वतंत्र डिस्कवर ठेवावा. त्यातली एक दुसऱ्या घरी.